दोन अंश खाली

दसरूभाऊंनी आधी मशीनकडे पाठच केली.
"मी आहो ना, बाई. मंग हे कायले?"
नागभीडचा मुबीन शेडच्या भिंतीला भोक पाडत होता
आणि विटांचा चुरा त्यांच्या सरपणावर पडत होता,
ऐनाच्या, सुबाभळीच्या ओंडक्यांवर.
मोहाचं लाकूड ते बंबात घालत नाहीत.
विचारलं तर एवढंच,
"पोरं वाढवली त्यानं."

बंब म्हणजे न्हाणीघरातला नव्हे.
भंगारातली टाकी, पोटातून धुराची नळी;
पाणी तापतं, पंपानं शेडात जातं,
तिथं जुन्या ट्रकचा रेडिएटर, मागे पंखा,
आणि पुढे चार हजार पिल्लं,
एका दिवसाची,
कोंबडी कधीच न पाहिलेली.

आमच्याकडे थंडी थोड्या दिवसांची.
पण येते ती तलावावरून, पहाटे तीनला,
बंबात नुसते निखारे उरलेले असताना.
पिल्लं कोपऱ्यात सरकतात,
एकमेकांवर चढतात,
खालची गुदमरतात.
गेल्या साली दोनशे अकरा.
दसरूभाऊंनीच मोजली, टोपल्यात भरता भरता,
ओठांतल्या ओठांत.
त्या रात्री ते तापानं फणफणले होते.
कोणी काही म्हटलं नाही त्यांना. मीही नाही.
तेच बहुधा जास्त लागलं.

म्हणून हा ब्लोअर, डिझेलवरचा.
मुबीननं दोन काटे लावले:
"लाकडाचा तेहतीसवर, याचा एकतीसवर.
दादांची आग आहे तोवर हा मुका.
दोन अंश उतरले की मगच बोलेल."
आणि दोघांच्या नळ्या जिथे मिळतात
तिथे एक झडप, पातळ, बोटानं हलेल अशी.
"नाहीतर चालू असलेला
बंद असलेल्यालाच तापवत बसतो, मॅडम."
अशी घरं मी पाहिली आहेत.

अख्खा मार्गशीर्ष ब्लोअर बोलला नाही.
तासांच्या मीटरवर शून्य, शून्य, शून्य.
दसरूभाऊ अडीचलाच उठायचे,
त्याच्यावर वेळ येऊ नये म्हणून.
डोळे निखाऱ्यासारखे,
दिवसा बोलता बोलता डुलकी.
डिझेल वाचत होतं खरं.

मग पौषात शंकरपट भरला.
रात्री नाटक, वडसाची कंपनी.
मी म्हटलं, जा.
ते काही बोलले नाहीत. दहाला
बंब गच्च भरला, हवेचं दार अर्धं लोटलं,
ब्लोअरसमोर थोडे थांबले,
अंगावर चादर घेतली, गेले.

मी जागीच.
दूरवरून लाऊडस्पीकरचं पद येत होतं, तुटक.
तीन वाजून दहा मिनिटांनी
झडप: टक्.
आणि भिंतीतून घुमलं ते.
पिल्लांनी माना वर केल्या,
जराशी पांगली,
आणि सुपात पसरलेल्या दाण्यांसारखी
सगळीकडे सारखी बसली.
कोणाची ऊब, त्यांना काय.

उजाडताना दसरूभाऊ आले.
चादरीला शेंगांची टरफलं.
आधी मीटर पाहिला, मग कोपरे, चारही.
"कसं झालं नाटक?"
"हिरोचा गळा बसला. तिसऱ्या अंकापासून
दुसऱ्याले उभं केलं."
"मग?"
"बरा बोलला."

उकिडवे बसून राख ओढू लागले.
बऱ्याच वेळानं, बंबाच्या तोंडाशी,
मला की आत कोणाला:
"मी चार साल पाठ केलं होतं.
राजाचं सारं. राजा पडला तर म्हनून.
एकदाबी पडला नाई."

ऐनाचा एक ओंडका आत सारला.
फुंकर नाही घातली, नुसतं दार उघडं ठेवलं.
साल चरचरली, मग धरली.
आम्ही दोघं काट्याकडे बघत बसलो,
एकतीस, साडेएकतीस,
आणि मधेच कुठेतरी
ब्लोअर आपला आपण गप्प झाला.
झडप पडली.
दसरूभाऊ भिंतीला टेकले
आणि घोरायला लागले.