सोमवारी तलाव बंद

सकाळी साडेपाचला हसुराम जाळी फिरवतो.
बदामाची पानं, केसांचा रबर,
एकदा तर कुणाची अर्धी पोळी, भाजीसकट.
मी काठावर बसून नळी बुडवते
कोपरापर्यंत. वरवरचं पाणी खोटं बोलतं.

फिनॉल रेडचे पाच थेंब.
टोपण लावून अलगद उलटं करायचं,
अंगठा नाही लावायचा, अंगठ्याला घाम असतो.
मग नळी धरायची
पारसिकच्या डोंगरामागून येणाऱ्या उजेडात:
नारिंगीच्या पुढे, गुलाबीच्या अलीकडे.
सात पॉइंट चार.
वहीत लिहिते, सही करते.
सोसायटीतली मुलं मला थेंबवाल्या आजी म्हणतात.

अठ्ठावीस वर्षं रबाळ्याला, रंगाच्या कारखान्यात
अशीच नळी उजेडात धरली.
तिथे रंग दिसायला थेंब लागत नसत.
नाला मंगळवारी जांभळा, गुरुवारी शेंदरी,
ज्या दिवशी जी बॅच.
आणि रजिस्टरात, माझ्या वळणदार अक्षरात
सात. सात. सात पॉइंट एक,
कारण सगळेच सात बरे दिसत नाहीत.
साहेब म्हणायचे, बाई, अक्षर काय सुंदर आहे तुमचं.

हसुराम सारसोळ्याचा.
त्याच्या बापाच्या जाळ्यातल्या बोयटांना
रॉकेलचा वास यायचा म्हणे.
कालवण उकळलं की घरभर.
तो हे सांगतो तेव्हा मी
पाइपाचा पीळ काढत असते.
सरळ पाइपाचासुद्धा.

मे महिन्यात पाणी हिरवं झालं.
पायऱ्यांवर शेवाळ. सभा बसली.
टिपणीस म्हणाले, सोमवारी खालचे लोक पोरं आणतात,
वॉचमनची, कामवाल्यांची, म्हणून.
म्हणून काय, ते कुणी विचारलं नाही.
कुणी म्हणालं, क्लोरीन दुप्पट टाका,
स्वच्छ पाण्याला वास यायला हवा.

मी उठले.
म्हटलं, तो वास स्वच्छतेचा नसतो,
घामानं आणि मुतानं क्लोरीन दमलं
की सुटतो तो. आपल्याच.
मागे कुणीतरी खुर्ची सरकवली.
मग वही उघडून वाचलं:
सव्वीस एप्रिल, मोटर बंद.
बेअरिंगचे तीन हजार आठशे, मंजुरी बाकी.
खाली खजिनदारांची सही, 'नंतर बघू'.
खजिनदार टिपणीसच.

बेअरिंग आलं. फिल्टरची वाळू बदलली.
हसुराम दोन दिवस गुडघ्यांवर बसून पायऱ्या घासत होता.

त्यानंतरच्या सोमवारी, दुपारी चारला,
फाटकाला कुलूप, आणि आत पाणी वाजलं.
त्याची नात, मनस्वी, सात वर्षांची.
खाडीकाठची पोर, पोहता येत नाही.
खाडीत आता उतरतं कोण.
हसुराम कमरेइतक्या पाण्यात,
तळहात तिच्या पोटाखाली.
मला बघून दचकला
पण हात काढला नाही. काढला असता तर ती बुडाली असती.

मी नळी आणली. कोपरापर्यंत.
पाच थेंब.
सात पॉइंट चार.
पाण्याला कळलंही नव्हतं, कोण उतरलं ते.

वहीत सोमवारची ओळ. तलाव बंद.
पोहणाऱ्यांची संख्या:
जुना हात आपसूक शून्याकडे वळला,
गोल अर्धा झालाही होता.
खोडलं.
लिहिलं, दोन. शेरा: एक शिकते आहे.
सही केली. अक्षर वाईट आलं.
उद्या टिपणीस वही मागतील, मागू देत.

"काय लिवलं, बाय?"
दाखवलं त्याला. तो काही बोलला नाही.
तेव्हा मी काठावर बसले
आणि म्हटलं, हसुराम,
मी रबाळ्याला होते. रंगाच्या कंपनीत.
पाणी मीच तपासायचे.

त्यानं माझ्याकडे बघितलं, बराच वेळ.
मग पोरीला म्हणाला,
पाय मार. पाय.