सेल्फ

माझगावच्या चढावर, नाक वर करून
रात्रभर उभी असते गाडी.
सकाळी सेल्फ मारला की
खर्र खर्र खर्र,
घशात कफ अडकल्यासारखी,
अकरा वेळा, बारा वेळा, कधी पंधरा.
मग एकदम पेटते, पांढरा धूर सोडते
आणि दिवसभर अशी पळते
जणू मीच खोटारडा.

सगळ्यांचं बोट टर्बोवर.
मेहुणा म्हणाला, "टर्बो गेला. सत्तर हजार धर."
नाव मोठं असलं की संशयही तिथंच जातो.
बॅटरी नवी टाकली.
चारही ग्लो प्लग बदलले.
मुंबईत कसली आलीय थंडी, तरी बदलले.
खर्र खर्र खर्र.

शौकत परकारांनी टर्बोकडे पाहिलंसुद्धा नाही.
"तो उठल्यावर कामाला येतो," म्हणाले,
"उठवायचं काम त्याचं नाही."
मग विचारलं,
"कधी उतारावर लावलीत? नाक खाली करून?"
लावली होती. एकदाच, शिवडीला, बहिणीकडे.
त्या सकाळी पहिल्याच सेल्फला उठली होती.
मी विसरलो होतो.
विसरलो कसला, मोजलंच नव्हतं.

डिझेलच्या पाइपात त्यांनी
वीतभर पारदर्शक नळी घातली.
"आजची रात्र जाऊ दे."
सकाळी आम्ही दोघं वाकून:
नळी अर्धी रिकामी.
सेल्फ मारला तर बुडबुडे,
साबुदाण्याएवढे, एकामागून एक.
रात्रभर डिझेल
गुपचूप चढ उतरून
टाकीत परत जात होतं.

फिल्टरचं झाकण निघालं.
रबराची रिंग चपटी, कडक,
एका जागी चिरलेली.
"फिल्टर कोणी बदलला?"

दिवाळीत. मी. मोबाइलवर व्हिडिओ लावून.
खोक्यात नवी रिंग होती;
जास्तीची असेल म्हणून
किल्ल्यांच्या डब्यात टाकली.

परकार हसले नाहीत.
हसले असते तर बरं झालं असतं.

घरी येऊन डबा उपडा केला.
सायकलची चावी, बिनचावीचं कुलूप,
आणि ती. काळी, मऊ,
अजून पाकिटातच.
बोटाने डिझेल चोळून त्यांनी ती बसवली,
हातपंप दाबत राहिले
कडक लागेपर्यंत.
रिंगचे पैसे घेतले नाहीत. नळीचे घेतले.

आज पुन्हा चढावर. नाक वर.
किल्ली फिरवली.
अर्धा खर्र.

मेहुणा विचारतो, "टर्बोचं काय झालं?"
मी म्हणतो, "बरा आहे."