पडतं घेणं

दर गुरुवारी साडेसहाला
मेथडिस्ट चर्चच्या मागच्या हॉलमध्ये
आम्ही रांगेत उभे राहतो, पट्ट्याच्या रंगाप्रमाणे.
केतकी, वय नऊ, नारिंगी पट्टा, वरून चौथी.
मी, वय चव्वेचाळीस, पांढरा पट्टा, अगदी शेवटी,
पुढचे दोन दात पडलेल्या आल्फीच्याही नंतर.
तो मला पट्ट्याची गाठ मारून दाखवतो,
दर आठवड्याला, न कंटाळता.

डोरीन शिकवते. अडुसष्ट वर्षांची.
ग्रिम्सबीच्या मासळी कारखान्यात
चाळीस वर्षं हॅडक सोललेले हात.
"ये गं बदके," म्हणते मला,
तिच्या गावाकडे लाडाने असंच म्हणतात.
"फेकायचं नंतर बघू. आधी पड."

पड म्हणे.
आमच्या भाषेत पडण्याला काय तोटा, डोरीन?
आजारी पडले, मागे पडले, पेचात पडले,
ज्यांच्या पडायचं नव्हतं त्यांच्याही पाया पडले,
एकदा प्रेमात, तेही तोंडघशी.
घरातल्या प्रत्येक भांडणात
पडतं मीच घेतलं.
पण असं ठरवून, पाठीवर,
हनुवटी छातीला लावून,
तळहाताने जमिनीला सणसणीत चापट मारून
हे कुणी शिकवलं नाही.

इस्लामपुरात भाऊ तालमीत जायचा.
मी बाहेर पायरीवर त्याच्या चपला राखत बसायचे,
हातात त्याचं घड्याळ, कोपरापर्यंत घसरणारं.
आतून तेलाचा, ओल्या मातीचा वास यायचा
आणि धप्प.
त्या आवाजावरून मी ओळखायचे, कोण पडलं.
कसं, ते दाराआड राहिलं.

आणि नोकरी म्हणाल तर पडलेल्यांचीच.
एक्स-रेच्या टेबलावर रोज मनगटं येतात:
बसमधून उतरताना, न्हाणीघरात,
कुत्र्याच्या दोरीत पाय अडकून.
पडताना सगळे एकच करतात,
हात पुढे टेकतात.
मग मनगट वाकतं, जेवणाच्या काट्यासारखं.
मी काचेमागून बटण दाबते, सांगते, हलू नका.

मागच्या गुरुवारी आल्फीला ताप होता
म्हणून जोडी लागली मायलेकींची.
केतकीने वाकून नमस्कार केला, हसू गिळत.
माझी कॉलर धरली, बाही धरली,
वळली, माझ्याखाली शिरली,
बुटकं असण्याचाही फायदा असतो,
आणि मी निघाले, बासष्ट किलोंसकट.
ट्यूबलाइट, रचून ठेवलेल्या खुर्च्या, भिंतीवरचा नोहा,
सगळं एकदा उलटं झालं.
भाऊ याला धोबीपछाड म्हणायचा.
जपानी नाव केतकीने दोनदा सांगितलंय, मी विसरते.

पाठ टेकायच्या आत एवढं कळलं
की तिने बाही सोडली नव्हती.
शेवटपर्यंत वर ओढून धरली होती,
माझं डोकं आपटू नये म्हणून.
तसा नियमच आहे,
फेकणाऱ्याने बाही सोडायची नसते.
मी तिथेच जरा पडून राहिले.
"आई, ऊठ ना. मागे रांग आहे."

रात्री भावाला फोन केला.
या वयात हातपाय मोडून घेशील, म्हणाला.
मग गप्प झाला.
मग विचारलं,
"खाली गादी असते की माती?"

काल शाळा सुटल्यावर,
फुटपाथवर डोळ्याला न दिसणारा बर्फ.
हातात दूध, डझनभर अंडी, खांद्याला केतकीचं दप्तर.
पाय गेला.
हात टेकला नाही.
पाठ गोल, फाटकन चापट डांबरावर.
अंड्यांचं विचारू नका.
उताणी पडून, हंबरवरून आलेलं करडं आभाळ बघत
मी मनगटं मोजली.
दोन. शाबूत.

केतकी कमरेवर हात ठेवून वाकून बघत होती,
अगदी डोरीनसारखी.
"चापट छान होती," म्हणाली.
"पण हनुवटी वर गेली."