कोरणाऱ्याची पाटी

गवताची कात्री, भांड्यांचा ब्रश,
थर्मासात चहा, गुडघ्यांखाली जुनी उशी.
दर गुरुवारी मी पिस्गा चॅपेलच्या मागे येते.
चॅपेल विकलं गेलंय. घेणारे चेशरचे आहेत.
प्रवचनाच्या चौथऱ्यावर म्हणे त्यांचं स्वयंपाकघर होणार.
कबरी तेवढ्या नको म्हणाले.
मेलेल्यांसकट घर कोण घेतं?

इथला सगळा डोंगर पाटीच्या दगडाचा.
छपरं त्याची, कुंपणं त्याची,
पोरांनी थुंकी लावून पुसलेल्या पाट्या त्याच्या
आणि उशाशी उभी राहते ती शेवटचीही.
माणसं जन्मभर त्याला फोडत राहिली,
त्याची धूळ छातीत साठवत राहिली,
मग त्याच्याच खाली झोपली.

शेवाळ खरवडावं तसतशी वर येतात एकेक:
मोर्विद, एडनिव्हेदची बायको, वय एकतीस.
खाली चार ओळींची जागा सोडलेली, नवऱ्यासाठी.
नवरा पेनसिल्व्हेनियाला गेला.
जागा तशीच.
कप्तान टिमथी, हाम्बुर्गला छपरं घेऊन निघालेला.
तो इथे नाहीच. समुद्राने परत दिलं नाही
म्हणून नुसताच दगड, पोकळ जमिनीवर, इमानाने उभा.
आणि खाणीचे मॅनेजर कर्कब्राइडसाहेब,
सगळ्यांत उंच, सगळा मजकूर इंग्रजीत.
त्यांच्या नावातला पहिला 'के' उजवीकडे पाहतो,
दुसरा डावीकडे.
लहानपणी आम्ही त्याला फार हसायचो.

मागच्या वर्षी अगदी मुळाशी कात्री घातली
तेव्हा दिसलं, मातीला टेकलेलं, मुगाएवढ्या अक्षरांत:
इथेल पारी.
शेजारच्या दगडावर तेच. पलीकडच्याही.
त्रेचाळीस मोजले, मग पाऊस आला.

चॅपेलची वही आता माझ्या फडताळात असते.
'इथेल पारी, दगड कोरणारा. इंग्रजी येत नाही.'
बरोबर.
आमच्या वेल्शमध्ये 'के' नाहीच.
साहेबाचं मरण त्याने चित्रासारखं उतरवून घेतलं असणार,
कागद एकदा सुलटा धरून,
एकदा कंदिलासमोर, मागच्या बाजूने.

त्याच वहीत हिशेब:
'हानाच्या तान्हीचा दगड. पैसे नाहीत. अंडी बारा.'
तो दगड मी ओळखते. कुंपणाला टेकलाय,
नाव नाही, बाळाला नाव ठेवायलाच उसंत मिळाली नव्हती.
त्यावर शेपटी उभारलेला एक चिमणा पक्षी,
चोच उघडी.
त्या एकाच दगडाच्या पायाशी सही नाही.
का, ते मी ठरवत नाही.
बारा अंडी त्याने खाल्ली की नाही, तेही.

आणि तो स्वतः?
'उत्तरेच्या भिंतीलगत. डिसेंबर.'
तिथे खाजकुयली, एक फुटकी बादली.
साऱ्या गावाची नावं ज्याने कोरली
त्याची पाटी कोरी.
त्याच्यामागे छिन्नी धरणारा कोण होता?

भाचा ग्रिफिद म्हणतो, मावशी, यंत्रावर करून आणतो,
दहा मिनिटांचं काम.
तो खाणीत पर्यटकांना तारेवरून सोडतो,
किंचाळत जातात बिचारी
आजोबांच्या डोक्यावरून.
मी नको म्हटलं.

नवे मालक छप्पर उतरवतायत.
ढिगातून एक पाटी उचलली,
खिळ्याची दोन भोकं तशीच होती तिला.
तीन गुरुवार लागले. माझा हात वळत नाही,
'ल' तर पार घसरला.
उंचावर काही लिहिलं नाही.
अगदी खाली, जिथे जूनमध्ये गवत चढेल तिथे,
मुगापेक्षा थोडं मोठं,
त्याचं नाव.

वाचायचं असेल त्याने उशी आणावी.
जमीन ओली असते.