सोनगीर, आठवी ब

बस पायथ्याशी थांबली तेव्हा
आग्रा रोडवरून केळीचे ट्रक जात होते एकामागून एक
आणि बावीस नंबरची योगिनी विचारत होती,
"सर, नावातच सोनं आहे, मग खाण कुठंय?"

माझ्या खिशात चार पानं टिपणं.
कोणी बांधला, कोणी जिंकला,
जिंकणाऱ्याकडून पुन्हा कोणी.
खाणीचं कुठंच नव्हतं.
मी म्हणालो, आधी वर चला.

वर तट होता, अर्धा.
उरलेला अर्धा बहुतेक खालच्या घरांच्या जोत्यांत गेला असेल.
विहिरीत डोकावून पोरांनी आपापली नावं हाकारली,
विहिरीनं सगळ्यांची सारखीच परत दिली.
फलकावरचं साल गंजानं खाल्लेलं.
निंबाच्या सावलीत मी टिपणं काढली
आणि दुसऱ्या परिच्छेदाशी माझ्या लक्षात आलं
की ऐकत कोणीच नाहीये.

सगळे गेंदाबाईंभोवती बसले होते.

गेंदाबाई आमच्या शाळेत खिचडी शिजवतात.
त्याआधी तीस वर्षं, जळगावच्या सराफ बाजारात,
दुकानं उघडायच्या आत
पायऱ्यांची धूळ, नालीतला गाळ,
बागेसरीतली राख, कारागिरांनी हात धुतलेलं पाणी,
सगळं घमेल्यात भरून घरी.
काथवटीत धुवायचं, पारा घालून मळायचं,
तेजाबानं बोटांची टोकं पांढरी झालेली.
महिन्याकाठी गुंजभर, कधी दोन.
(हे मला त्या दिवशी कळलं.
सहा वर्षं त्यांच्या हातची खिचडी खातोय.)

आता त्यांनी पदर खोचला,
डब्याच्या झाकणात तटाखालची मूठभर माती घेतली,
योगिनीच्या बाटलीतलं पाणी ओतलं
आणि झाकण फिरवू लागल्या,
इतकं हळू, की पाण्यालाही कळू नये.
"डोंगरमा सोनं नई ऱ्हास, पोऱ्हेसवन.
जठे हात चालतस, तठे सांडस."
गढूळ पाणी कडेवरून गेलं. पुन्हा पाणी. पुन्हा कड.
मुकुंदा पवार, जो वर्गात बाकावर टिकत नाही,
श्वास धरून उकिडवा.

तळाशी काळी रेती राहिली,
एक शेळीची लेंडी,
आणि नखाएवढा बांगडीचा तुकडा.
हिरवा. त्यावर केसाएवढी पिवळी रेघ.

"सोनं?"
"काच शे."
पोरांचे खांदे पडले.
गेंदाबाईंनी तुकडा जिभेवर ठेवला, काढला,
पदराला पुसून उन्हात धरला.
"कोनी तरी आठे ऱ्हाये," म्हणाल्या.
"हात बारीक व्हता तिना."

मी टिपणं घडी करून खिशात टाकली.
चार पानांत बांगडी घालणारं
कोणी नव्हतं.

नंतर योगिनीनं तो तुकडा स्वतःच्या मनगटाशी लावून पाहिला,
मग बाकीच्या मुलींनी, रांगेनं,
मग मुकुंदानंही, कोणी बघत नाही असं पाहून.

उतरताना तांबट आळीतून आलो.
एकच भट्टी पेटलेली. एक म्हातारा
हंड्याच्या पोटावर ठोके देत होता,
प्रत्येक ठोक्याला एक चकाकती टिकली उमटत होती.
मुलांनी ठोके मोजले, दोनशे अकरापर्यंत,
मग एकाला भूक लागली आणि हिशोब मोडला.
झाडाखाली कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा.
तुकडा कुणाकडे राहिला, विचारलं नाही.
सरकारी नियमानं तो खरं तर तिथंच ठेवायला हवा होता,
हे मला भाकरी खाताना आठवलं
आणि मी आणखी ठेचा घेतला.

जळगावात दिवे लागले होते.
सराफ बाजाराच्या तोंडाशी गाडी अडकली,
दुकानांत पिवळा उजेड, काचेत गळेच गळे.
गेंदाबाई तिकडे बघत नव्हत्या.

शाळेपाशी पोरं उतरली,
बुटांतून, दप्तरांतून, केसांतून
सोनगीरची माती बसभर सांडून.
क्लीनर झाडू घेऊन चढला.
गेंदाबाई शेवटच्या पायरीवर होत्या.
वळल्या,
हात आडवा धरला त्याच्यापुढे:
"थांब ना, भाऊ. जराशी थांब."