डावा पाय

सूर हे गावाचं नाव आहे, गाण्याशी संबंध नाही,
असं मी देशातल्या प्रत्येकाला फोनवर सांगत आलो.
अठरा वर्षं समुद्रातून मीठ वेगळं काढतो,
किनाऱ्यावरच्या प्लांटमध्ये, पाळ्यांच्या हिशोबानं.
शाल्मली इथंच जन्मली.
पंधरा वर्षांची झाली, आणि खिडकीतून बाहेर बघत
एकच वाक्य म्हणायला लागली:
इथं काहीच नाही.

शाळेनं वाळवंटात न्यायचं ठरवलं. पाच दिवस, पायी.
मोबाइल मुख्याध्यापकांच्या कपाटात.
फॉर्मवर सही करताना तिची आई दोनदा थांबली.
शाल्मली बसमध्ये चढली ती
दंड भरायला निघाल्यासारखी.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं कळलं,
भांडी विसळताना, गाडीत,
एकदा तर सिग्नल हिरवा होऊन गेल्यावर.

की दुसऱ्या दुपारी रागाच्या भरात
तिनं पाण्याची बाटली भिरकावली.
झाकण उघडं होतं.
वाळू पाणी पिताना दिसलीसुद्धा नाही.
की खलफान, त्यांचा वाटाड्या, पांढऱ्या दाढीचा,
काहीच बोलला नाही.
आपल्यातलं निम्मं तिच्या बाटलीत ओतलं,
दोन्ही बाटल्या डोळ्यांच्या रेषेत धरून
थेंबभर इकडचं तिकडे केलं,
आणि चालू लागला.
हे सांगताना तिनं नळ बंद केला.

की रात्री ते घाफच्या झाडाखाली झोपले.
घाफ म्हणजे आपली शमीच गं, मी म्हटलं, दसऱ्याला आपण...
बाबा, मला बोलू दे.

की पहाटे खलफाननं तिला उठवलं
आणि वाळू वाचायला बसवलं.
हा भुंगा, शिवणयंत्राच्या टिपेसारखा.
हा कोल्हा. इथं थांबला. इथं मागं वळून बघितलंन.
हे गवताचं पातं, वाऱ्यानं गरगरवलेलं,
कंपासातून काढावं तसं वर्तुळ.
आणि ही तू, तो म्हणाला,
कालची. टाचा आपटत गेलेली.
ती म्हणते, स्वतःचा राग असा
जमिनीवर पडलेला तिनं कधी बघितला नव्हता.

बदलली का हो? शेजारच्या वहिनी विचारतात.
दार अजून आपटतं. गणिताची बोंब आहेच.
सॅकच्या तळाशी वाळू आहे, ती झटकू देत नाही.
खिडकीशी उभी राहते,
ते वाक्य मात्र बरेच दिवसांत ऐकलं नाही.

काल वादळ येऊन गेलं.
जिन्यावर चाळलेल्या पिठासारखी धूळ.
रात्रपाळी संपवून मी वर आलो, बूट काढले,
चहाचं आधण ठेवलं.
दार उघडंच राहिलं होतं,
आणि ती उंबऱ्याशी बसून
जिना वाचत होती.

बाबा, म्हणाली, मान वर न करता,
तुझा डावा पाय पायरीवर पुरता टेकत नाही.
उजवा खोल आहे. डावा नुसता लागून गेलाय.
चौथ्या पायरीवर तू थांबलायस. बराच वेळ.
कधीपासून दुखतोय?

दोन वर्षं.
कुणाला म्हणून कळू दिलं नव्हतं,
कंपनीच्या डॉक्टरला नाही, हिच्या आईला नाही,
करार दर डिसेंबरात नवा होतो.

काही नाही गं, मी म्हटलं.

काहीच नाही असं नसतं, ती म्हणाली,
आणि पायरीवर जरा सरकली,
खुणा पुसल्या जाणार नाहीत अशा बेतानं.
आत आधण आटत होतं.
मी बसलो.