मधली पांढरी पट्टी

लिएजमध्ये, म्यूझ नदीच्या अलीकडे माझं दुकान.
मी चौकटी करतो.
लग्नाचे फोटो, लाडक्या कुत्र्यांची तैलचित्रं,
कुणाच्या आजोबांना खाणीत मिळालेलं पदक.
आणि महिन्या-दोन महिन्यांनी फिरमँ देल्विन्य येतो,
काचकारखान्यातून निवृत्त झालेला,
कागद कोटाच्या आत छातीशी धरून,
वारा लागला तर कागदालाच सर्दी होईल असा.

कागद म्हणजे कॉमिकचं मूळ पान.
छापलेलं नव्हे, छापण्याआधीचं.
अंकाच्या दीडपट मोठं,
कडेने निळ्या पेन्सिलीच्या रेघा, कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या,
चुकलेल्या नाकावर पांढऱ्या रंगाचा लपका,
कुणाच्या तरी कॉफीच्या कपाचं अर्धं वर्तुळ,
आणि चिकटवलेले संवाद.
त्यांचा डिंक पिवळा पडलाय.
एकदा एक शब्द सुटून माझ्या टेबलावर पडला:
‘थांबा!’
मी तो चिमट्याने उचलून जागेवर ठेवेपर्यंत
फिरमँ श्वास रोखून उभा.

पान एकतीससाठी त्याने गाडी विकली.
ओडेट म्हणाली होती म्हणे,
एवढे पैसे, आणि रंगसुद्धा नाहीत?
पुढे ओडेटचं नाव
मी त्याच्या तोंडून ऐकलं नाही.

पान एकतीस, चौकट तिसरी:
मालवाहू होडीचा तांडेल बास्तँ दाराशी उभा,
टेबलापाशी त्याची बायको.
चौकट चौथी: धुकं, होडी, तो एकटा.
मध्ये बोटभर पांढरी पट्टी.

‘एवढ्यात काय झालं?’ फिरमँने विचारलं.
म्हटलं, काय व्हायचंय, तो गेला.
‘ते दिसतंय. ती काय म्हणाली?’

मग त्याने ऑस्टेंडला पत्र धाडलं.
चित्रकार आर्लेट कोसमान, वय चौऱ्याऐंशी.
लोक तिच्याकडून बास्तँ काढून घेतात:
हात कमरेवर, दात दाखवत, खाली नातवाचं नाव.
ह्याने मागितली पट्टी.

तिने उत्तर दिलं,
‘पट्टी रिकामीच असते, महाशय.
तिच्यावरच चाळीस वर्षं माझं घर चाललं.’
ह्याने तरी पैसे पाठवले. सगळे, आगाऊ.

चौदा महिने गेले.
मग एक दिवस तो आला, कोट बटणांपर्यंत बंद.

हात कापतो तिचा, ते लगेच कळतं.
टेबलाची कड सरळ नाही,
कुंचला जिथे टेकला तिथे शाई थोडी रेंगाळलीय.
बायको पाठमोरी.
दोन कप, एक पालथा घातलेला.
दार उघडं, आणि उंबऱ्यापर्यंत आत आलेलं धुकं.
वर संवादाचा फुगा,
नीट आखलेला, शेपटी तिच्याकडे वळलेली,
आत काही नाही.

मी पान उलटलं. धंद्याची सवय,
आधी पाठ बघायची.
मागे पेन्सिलीने हिशोब:
कागद, शाई, टपाल,
टेबल, कप दोन, धुकं (ह्याला वेळ लागला).
शेवटी,
‘चेहरा काढला नाही. वीस युरो परत.’
आणि खरोखरच एक नोट, टाचणीने टोचलेली.

फिरमँ बराच वेळ त्या नोटेकडे बघत होता.
म्हणाला, ‘काढू नकोस. तशीच राहू दे.’
टाचणी गंजेल, मी म्हटलं.
‘गंजू दे.’

मी दोन्ही बाजूंनी काच घातली.
दुसऱ्या काचेचे पैसे लावले नाहीत.
म्हणजे, निम्मे लावले.

पण पाठ दिसायची तर भिंत चालेना.
त्याने ते टांगलंय
स्वयंपाकघराच्या दारात,
वरच्या लाकडाला, दोन तारांवर.
मी खिळे ठोकायला गेलो होतो.
चौकटीत चौकट. जरा खालीच आलीय.
येता-जाता वाकावं लागतं,
आणि फिरमँ वाकतो.